एरोजेल घरी करताना : जेल जमते, पण वाळवताना सगळे बिघडते

चंचुपात्र (धागाकर्ता)

सिलिकाचे एरोजेल, म्हणजे आतल्या द्रवाच्या जागी हवा भरलेले अतिशय हलके जेल, घरी करून पाहण्याचा मी आतापर्यंत तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा एरोजेलऐवजी काचेच्या चुऱ्यासारखे कडक तुकडे हाती आले. जेल जमण्यापर्यंतचा भाग व्यवस्थित पार पडतो. त्यापुढे नेमके कुठे चुकते, हे जाणकारांनी सांगावे, यासाठी हा धागा काढत आहे.

माझी कृती अशी आहे. २२ मिलिलिटर इथेनॉलमध्ये १० मिलिलिटर टीईओएस, म्हणजे टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, मिसळून त्यात ८ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घातले. या पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब आधीच टाकलेले होते. सुरुवातीला गढूळ दिसणारे मिश्रण तासाभर ढवळल्यावर स्वच्छ झाले. त्यानंतर विरल अमोनियाचे थेंब घातल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते असे घट्ट बसले की, बाटली उलटी केली तरी जागचे हलत नव्हते. दोन दिवस झाकण घट्ट लावून ठेवले आणि मग झाकण सैल करून वाळू दिले. पाचव्या दिवशी तडे गेले. दहाव्या दिवशी ३० मिलिमीटर व्यासाच्या आणि ४० मिलिमीटर उंचीच्या जेलचे जे तुकडे उरले, ते एकमेकांवर रचले तर उंची जेमतेम १६ मिलिमीटर भरते.

तिसऱ्या वेळी झाकणाला एकच बारीक भोक ठेवून तीन आठवडे वाट पाहिली. तुकडे मोठे मिळाले, पण आकसणे तेवढेच राहिले.

केशनलिका

तुमच्या कृतीत चूक नाही. तुम्ही उत्तम झेरोजेल, म्हणजे वाळताना आकसून दाट झालेले जेल, केले आहे. जेल म्हणजे सिलिकाच्या सूक्ष्म कणांची एकमेकांना जोडलेली जाळी आणि त्या जाळीत कैद झालेला द्रव. (मराठीत या शब्दाचा दुसरा अर्थ इथे अगदी चपखल बसतो.) द्रव बाहेर काढून त्याच्या जागी हवा भरायची आणि जाळी मात्र होती तशीच उभी ठेवायची, एवढीच एरोजेलची मागणी आहे. अडचण अशी की, द्रवाची बाष्पीभवनाने माघार सुरू झाली की प्रत्येक छिद्रात त्याचा पृष्ठभाग अंतर्वक्र होतो आणि पृष्ठताणामुळे छिद्राच्या भिंती आत ओढल्या जातात.

ही ओढ किती मोठी असते, ते आकड्यांत पाहावे. पृष्ठताणाची दुप्पट भागिले छिद्राची त्रिज्या, असा हा साधा हिशेब आहे. पाण्याचा पृष्ठताण प्रति मीटर ०.०७२ न्यूटन आणि छिद्राची त्रिज्या १० नॅनोमीटर धरली, तर दाब येतो सुमारे १४४ बार (एक बार म्हणजे जवळपास वातावरणाचा दाब). इथेनॉलचा पृष्ठताण ०.०२२ असल्यामुळे तोच दाब ४४ बारपर्यंत उतरतो आणि हेक्झेन वापरले तर ३६ च्या आसपास. वजनाने जवळजवळ नसल्यासारख्या जाळीला यातला एकही दाब सोसणार नाही. शिवाय जाळी आकसली की छिद्रे लहान होतात आणि छिद्रे लहान झाली की ओढ वाढते, म्हणून एकदा घसरण सुरू झाली की ती मध्येच थांबत नाही.

तुमच्याच आकड्यांवरून आणखी एक गोष्ट काढता येते. १० मिलिलिटर टीईओएसपासून सुमारे २.७ ग्रॅम सिलिका मिळते. ४० मिलिलिटर जेल अजिबात न आकसता वाळले असते, तर त्याची घनता प्रति घन सेंटिमीटर ०.०६७ ग्रॅम भरली असती. तुमची उंची ४० वरून १६ वर आली, म्हणजे लांबी ०.४ पट आणि आकारमान ०.०६४ पट झाले. त्यामुळे घनता १.०५ च्या घरात गेली. एवढ्या दाट पदार्थाला एरोजेल म्हणता येत नाही.

संथ वाळवण्याने तुकडे मोठे का मिळाले, याचेही उत्तर यातच आहे. वेगाने वाळवले की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि त्या ताणामुळे तडे जातात. सावकाशीने हा फरक कमी होतो. छिद्रातली ओढ मात्र वेगावर अवलंबून नसते, म्हणून आकसणे तेवढेच राहते.

उलटी_बाटली

मग द्रव आणि वायू यांच्यातला पृष्ठभागच नाहीसा करावा. एरोजेल प्रथम करणारे सॅम्युएल किस्लर यांनी १९३१ मध्ये हेच केले होते ना? कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्याच्या पुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही ते तापमान आणि दाब, ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बार इतका आवाक्यातला आहे. पोलादी पाइपाचा तुकडा, दोन टोकांना आट्यांची झाकणे, एक झडप, एक दाबमापक आणि आत शुष्क बर्फ (घनरूप कार्बन डायऑक्साइड), एवढ्यावर काम व्हायला हवे. गरम पाण्याच्या बादलीत ठेवले की तापमानही सहज मिळेल.

केशनलिका

तत्त्व बरोबर आहे. किस्लर यांनी सोडियम सिलिकेट आणि आम्ल यांपासून जेल केले, ते धुऊन क्षार काढले आणि मग पाण्याच्या जागी अल्कोहोल आणले. पाणी तसेच ठेवून चालले नसते, कारण पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४ अंश आणि २२० बार इतका वर आहे. शिवाय त्या अवस्थेतले पाणी सिलिकाच विरघळवू लागते आणि वाचवायची ती जाळीच त्यात नाहीशी होते. अल्कोहोलने तापमान २४० अंशांच्या आसपास उतरले. पुढे १९८० च्या दशकात बर्कली येथे आर्लन हंट यांच्या गटाने अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड आणण्याची रीत रूढ केली आणि तापलेल्या ज्वालाग्राही बाष्पाचा धोका टळला. पात्राविषयी मात्र या धाग्यावरच्या दाबमापी यांनी लिहावे.

दाबमापी

दाबपात्रांचे आरेखन आणि तपासणी हे माझे अनेक वर्षांचे काम होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वरचा पाइपाचा प्रस्ताव मी पूर्णपणे अमान्य करतो. त्याची कारणे हिशेबाची आहेत, भित्रेपणाची नाहीत.

पहिली गोष्ट झाकणाची. काम करताना दाब १०० बारच्या आसपास ठेवतात. १० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर त्या दाबाने पडणारे बल सुमारे ८ टन वजनाइतके असते आणि ५ सेंटिमीटरच्या झाकणावर २ टनांइतके. नळकामाचे जोड पाण्याच्या काही बार दाबासाठी केलेले असतात. ओतीव लोखंडाचे असतील तर ते आधी वाकून सूचनाही देत नाहीत, सरळ फुटतात. त्यातही पाण्याने भरलेले पात्र फुटले तर पाणी सांडते आणि दाबलेल्या वायूने भरलेले फुटले तर तोच वायू प्रसरण पावून तुकडे फेकतो, म्हणून दाबचाचणी नेहमी पाण्याने घेतात.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे आणि हौशी मंडळी तिथेच घसरतात. पात्रात किती कार्बन डायऑक्साइड घातला, यावर अंतिम दाब ठरतो. बादलीच्या तापमानावर एकट्यावर नाही. क्रांतिक बिंदूवर एक लिटर जागेत ४६८ ग्रॅम वायू मावतो. २० अंशांवरच्या द्रवाची घनता मात्र लिटरला ७७० ग्रॅमच्या पुढे असते. पात्र त्या द्रवाने काठोकाठ भरून बंद केले आणि ४० अंशांपर्यंत तापवले, तर दाब क्रांतिक दाबाच्या जवळजवळ दुप्पट होतो. तेच पात्र ५ अंशांवर काठोकाठ भरले असेल, तर ४० अंशांवर दाब अडीचशे बारच्याही पुढे जातो. शुष्क बर्फ तर द्रवाहूनही दाट असतो, त्यामुळे ‘जागा आहे तोवर भरत जावे’ ही सवय इथे थेट जिवावर बेतते. योग्य दाबाला उघडणारी सुरक्षा झडप आणि तिच्या जोडीला फुटणारी चकती, या दोन्ही गोष्टी नसतील तर त्या पात्राजवळ उभेही राहू नये.

याशिवाय बारीकसारीक गोष्टी आहेतच. रबराची कडी उच्च दाबाखाली वायू शोषून घेते आणि दाब वेगाने उतरवला की आतून फुगून फाटते. आत पाहण्यासाठी काही जण ॲक्रिलिकची खिडकी बसवतात. अल्कोहोल आणि दाबलेला कार्बन डायऑक्साइड यांच्यापुढे ॲक्रिलिकला सूक्ष्म तडे जातात. सोडलेला वायू बंद खोलीत जमिनीलगत साचतो आणि गुदमरवतो.

हे सगळे उद्योगातल्या जाणत्यांनाही भोवलेले आहे. स्वीडनमधील शोबू येथे १९८४ मध्ये मिथेनॉलवर चालणाऱ्या एरोजेल संयंत्रात पात्राच्या सांध्यातून गळती झाली, खोलीत बाष्प भरले आणि स्फोटाने इमारत उद्ध्वस्त झाली. ज्यांना हाच मार्ग हवा असेल, त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने वाळवण्याचे जे तयार उपकरण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत असते, त्यावर परवानगी घेऊन काम करावे. ते नेमके याच कामाचे आहे.

उलटी_बाटली

बादलीचा प्रस्ताव मागे घेतो. भरण्याच्या घनतेचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

सावकाश

दाब न वापरता दोन वाटा उरतात आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. वर ‘छिद्रे आकसतात’ असे लिहिले आहे. पण आकसणे कायमचे का होते, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. टीईओएसच्या जेलमध्ये सिलिकाच्या भिंतींवर हायड्रॉक्सिल गट असतात. भिंती एकमेकींना टेकल्या की या गटांतून पाणी निघून जाते आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पक्का बंध तयार होतो, म्हणजे भिंती चिकटतात. हे गट जर मिथिल गटांनी झाकलेले असतील, तर भिंती टेकतात, पण चिकटत नाहीत आणि शेवटचा द्रव निघून गेल्यावर दाबलेला स्पंज सोडावा तसे जेल पुन्हा फुगते. १९९० च्या दशकात जेफ्री ब्रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या वातावरणीय दाबाखाली वाळवण्याची रीत याच पुन्हा फुगण्यावर उभी केली.

पहिली वाट म्हणजे तयार टीईओएस जेलवर मिथिल गट चढवणे. यासाठी ट्रायमिथिलक्लोरोसिलेन वापरतात. ते जेलमध्ये उरलेल्या पाण्याशी भिडून हायड्रोजन क्लोराइडचा धूर सोडते. मला ही वाट घरासाठी पसंत नाही.

दुसरी वाट म्हणजे सुरुवातच मिथिलट्रायमिथॉक्सिसिलेनपासून, म्हणजे एमटीएमएसपासून करणे. इथे प्रत्येक सिलिकॉनला एक मिथिल गट जन्मापासूनच असतो. क्योतो विद्यापीठातील कानामोरी आणि नाकानिशी यांनी ही रीत चांगलीच पुढे नेली. एमटीएमएस, अतिविरल ॲसिटिक आम्ल, युरिया आणि सीटॅबसारखा सर्फॅक्टंट (साबणासारखा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ), असा तिचा घाट आहे. मिश्रण घट्ट बंद करून ६० अंशांवर ठेवले की युरिया हळूहळू फुटून अमोनिया देतो आणि आम्लधर्मी मिश्रण सर्वत्र सारख्याच गतीने अल्कधर्मी होत जाते. थेंब थेंब अमोनिया घालताना जिथे थेंब पडेल तिथे आधी गाठ बसते, तो प्रकार इथे घडत नाही.

द्रावकबदलाला, म्हणजे जेलमधला द्रव काढून त्याच्या जागी अल्कोहोल आणण्याला, मात्र घाई चालत नाही. जेलमधून द्रव बाहेर येतो तो केवळ विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाऊन, आणि विसरणाचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १ सेंटिमीटर जाडीला एक दिवस पुरत असेल, तर २ सेंटिमीटर जाडीला चार दिवस लागतात. म्हणून पहिला नमुना कमी जाडीचा करावा. जेल धुतल्यावर त्यात पाणी, युरिया किंवा सर्फॅक्टंट राहिला, तर वाळताना त्याच जागी तडा जातो.

एमटीएमएसमधून मिथेनॉल सुटते आणि एमटीएमएस स्वतःही चटकन पेट घेते. ज्योत, ठिणगी आणि उघडी शेगडी दूर असावी, हवा खेळती असावी, हातात योग्य मोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा असावा. ६० अंशांचे तापमान पाण्याच्या कुंडातून मिळवावे.

निळीछटा

टीएमओएस, म्हणजे टेट्रामिथाइल ऑर्थोसिलिकेट, वापरले तर जेल लवकर जमते आणि अधिक पारदर्शक होते असे वाचले आहे. ते का वापरू नये?

केशनलिका

ते घरात आणूच नये. त्याच्या बाष्पाने डोळ्याच्या पारपटलाला गंभीर इजा होते आणि अंधत्वही येऊ शकते. घातकपणा असा की, त्रास काही तासांनी जाणवतो, त्यामुळे हाताळताना माणूस निर्धास्त असतो. तीच गोष्ट अमोनियम फ्लोराइडची. जेल झटपट बसावे म्हणून ते अनेक कृतींत सुचवलेले असते, पण विरल अमोनियाने काम होते आणि फरक फार तर थोड्या मिनिटांचा पडतो.

चंचुपात्र (धागाकर्ता)

सावकाश यांची दुसरी वाट धरली. सर्फॅक्टंट जवळ थोडाच होता, म्हणून निम्म्याहून कमी घातला. जेल एका रात्रीत जमले, आणखी दोन दिवस ६० अंशांवर मुरू दिले आणि आठवडाभर रोज अल्कोहोल बदलून धुतले. वाळवताना झाकणाला सुईने तीन भोके ठेवली.

ओल्या जेलचा व्यास २६ मिलिमीटर आणि उंची ३० होती. वाळल्यावर व्यास २४.५, उंची २८ आणि वजन २.१ ग्रॅम भरले. म्हणजे आकारमान १३.२ घन सेंटिमीटर आणि घनता ०.१६. आकारमानात घट फक्त १७ टक्के. एकही तडा नाही, बोटाने हलकेच दाबले तर दबते आणि परत वर येते. पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा घरंगळतो. चार महिन्यांनी प्रथमच अखंड नमुना हातात आला आहे, त्यामुळे आनंद लपवत नाही.

रंग मात्र खडूसारखा पांढरा शुभ्र आहे. धुरासारखी निळसर छटा कुठेच नाही.

केशनलिका

अभिनंदन. तरीही त्या रंगाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण माझ्या मते सगळी गोष्ट त्या रंगातच आहे.

खऱ्या सिलिका एरोजेलची छिद्रे काही दशक नॅनोमीटरची, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळच लहान असतात. इतकी लहान रचना निळा प्रकाश अधिक विखुरते, म्हणून काळ्या कागदावर ठेवलेले एरोजेल निळसर दिसते आणि दिव्यासमोर धरलेले पिवळसर. तुमचा नमुना पांढरा आहे, याचा अर्थ त्याची छिद्रे तरंगलांबीच्या बरोबरीची किंवा मोठी आहेत आणि सगळे रंग सारखेच विखुरले जात आहेत. सर्फॅक्टंट कमी पडल्यामुळे जेल जमण्याआधीच मिथिलयुक्त भाग पाण्यापासून वेगळा होऊ लागला असणार.

दिसण्यापुरता हा फरक असता तर सोडून दिला असता. साध्या दाबाखाली हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी सुमारे ७० नॅनोमीटर अंतर कापतो. छिद्र त्याहून लहान असेल तर रेणू एकमेकांऐवजी भिंतींवरच आपटत राहतात आणि उष्णता पुढे नेण्याचे त्यांचे काम खुंटते. म्हणूनच सिलिका एरोजेलची उष्णतावाहकता प्रति मीटर प्रति केल्व्हिन ०.०१५ वॅटच्या आसपास, म्हणजे मोकळ्या स्थिर हवेच्या ०.०२६ पेक्षाही कमी असते. मोठ्या छिद्रांच्या पदार्थाची घनता कितीही कमी असली तरी हा गुण त्याला मिळत नाही. तो चांगला उष्णतारोधक फेस ठरतो, एवढेच.

दाबमापी

वाद शब्दाचा करू नये, असे मला वाटते. तुमच्या व्याख्येने किस्लर यांनी जिलेटिन आणि अगर यांपासून केलेली एरोजेलेही वगळावी लागतील का?

केशनलिका

नाही. नाव वाळवण्याच्या पद्धतीवरून ठरवावे की रचनेवरून, यावर जाणकारांतही दोन मते आहेत आणि माझे मत रचनेच्या बाजूचे आहे. जाळी जशी होती तशी टिकली, तर ती अतिक्रांतिक रीतीने, म्हणजे क्रांतिक बिंदूपलीकडे नेऊन, वाळवली की साध्या खोलीत, याने मला फरक पडत नाही. या नमुन्यात मात्र जाळी वाळताना बिघडलेली नाही; ती जमतानाच जाड आणि विरळ झाली आहे. म्हणून दोष आता वाळवण्यात शोधू नये.

सावकाश

सहमत. सर्फॅक्टंट पूर्ण प्रमाणात घालावा आणि मग धुण्याचे दिवस वाढवावेत, कारण जितका अधिक घालाल तितका अधिक काढावाही लागतो. धुतलेल्या अल्कोहोलचा थोडा भाग पाण्यात टाकून हलवावा. फेस येत असेल तर अजून धुणे बाकी आहे असे समजावे.

चंचुपात्र (धागाकर्ता)

पूर्ण प्रमाण घालून दुसरा नमुना केला. फेसाची खूण फार उपयोगी पडली. बाराव्या दिवशी फेस येईनासा झाला.

वाळवताना पाचव्या दिवशी व्यास २६ वरून १९ मिलिमीटरवर आलेला पाहिला आणि हाही गेला असे समजून बाटली बाजूला सारली. सातव्या दिवशी सकाळी पाहतो तो व्यास २३ झालेला होता आणि कडेपासून सुरू झालेली अर्धपारदर्शक झाक मधल्या पांढुरक्या भागाकडे सरकत होती. संध्याकाळपर्यंत तो भागही निवळला. पुन्हा फुगणे वाचले होते, पण ते असे डोळ्यांदेखत घडेल असे वाटले नव्हते.

नमुना दोन तुकड्यांत फुटला आहे, बहुधा मी बाटली सारताना बसलेल्या धक्क्याने. मोठा तुकडा काळ्या कागदावर ठेवला आहे. निळा दिसतो.

केशनलिका

दिव्यासमोरही धरून पाहा आणि रंग कळवा. लहान तुकडा कापायचा असेल तर तोंडावर मुखपट्टी बांधा, कारण त्याची बारीक धूळ घसा कोरडा पाडते.

चंचुपात्र (धागाकर्ता)

दिव्यासमोर फिकट पिवळा.